फँटसी फुटबॉल ड्राफ्टची तयारी कशी करता? बारा टीम, माझा नंबर अकरावा

चौथा_डाऊन
नमस्कार मंडळी. एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बरीच वर्षं बघतोय पण फँटसीच्या (खरे खेळाडू निवडून आपली टीम करायची, त्यांच्या मैदानातल्या आकड्यांवर आपल्याला गुण) वाटेला कधी गेलो नव्हतो, या वर्षी ऑफिसातल्या लीगमधून एक जण बाहेर पडला आणि ती रिकामी जागा माझ्या गळ्यात पडली. बारा टीम, स्नेक ड्राफ्ट (खेळाडू पाळीपाळीने निवडायचे, दर राउंडला क्रम उलटा), हाफ पीपीआर. एक क्यूबी (क्वार्टरबॅक, पास टाकणारा), दोन आरबी (रनिंग बॅक, बॉल घेऊन धावणारे), दोन डब्ल्यूआर (वाइड रिसीव्हर, पास झेलणारे), एक टीई (टाइट एंड, अडवणारा आणि झेलणाराही), एक फ्लेक्स (आरबी, डब्ल्यूआर, टीई यातला कुणीही), किकर, डिफेन्स आणि सहा बेंच (राखीव), म्हणजे एकूण १५ राउंड. नंबर काढले तर माझा अकरावा आला. ज्याला सांगतो तो अरेरे म्हणतो, का अरेरे ते कुणी सांगत नाही. ड्राफ्ट लेबर डेच्या वीकएंडला आहे, प्रत्येक पिकला (एक खेळाडू निवडायला) ९० सेकंद.

नेटवर बघायला गेलो तर डोकं फिरायची वेळ आली. एक म्हणतो पहिले दोन्ही आरबी घे, दुसरा म्हणतो सहाव्या राउंडपर्यंत आरबीकडे बघूही नकोस, तिसरा म्हणतो आधी पैसे भर मग यादी दाखवतो. तुम्ही लोक नेमकं काय करून जाता ड्राफ्टला? आणि "खेळत राहा, आपोआप कळेल" एवढं सांगू नका प्लीज.

झोपाळू_जीएम
रुमाल टाकून ठेवतो. आकडेमोडे आले की धागा पळेल.

जुनाखोंड
पहिल्या दोन राउंडमध्ये दोन आरबी. विषय संपला. बाकी सगळं थोतांड आहे.

वेव्हरवाली
जुनाखोंड, २०२४ ला पहिल्या पिकवर आरबी मॅकॅफ्री घेतलेल्यांना जाऊन सांगा विषय संपला म्हणून :) पूर्ण सीझनमध्ये चार मॅच खेळला तो.

जुनाखोंड
त्याच वर्षी सॅक्वॉन २००५ यार्ड धावला आणि तिशीतला हेन्री १९२१. ते ज्यांच्याकडे होते त्यांनाही विचारून या.

आकडेमोडे
आलो. चौथा_डाऊन, आधी त्या सगळ्या याद्या बंद करा आणि तुमच्या लीगचं सेटिंग्जचं पान उघडा. खरंच सांगतो, अर्धे लोक ड्राफ्टला बसतात तेव्हा त्यांना टचडाउन पासला ४ गुण आहेत की ६ हेसुद्धा माहीत नसतं. तुम्ही हाफ पीपीआर म्हणालात, म्हणजे प्रत्येक कॅचला अर्धा गुण. याने किती फरक पडतो बघा. २०१९ ला मॅकॅफ्रीने ११६ कॅच घेतले होते. फुल पीपीआरमध्ये नुसत्या कॅचचे ११६ गुण, तुमच्या लीगमध्ये ५८, आणि जुन्या स्टँडर्ड पद्धतीत शून्य. खेळाडू तोच, सीझन तोच. आता तुम्ही ज्या पाच-सहा याद्या उतरवल्या असतील त्यातल्या काही फुल पीपीआरच्या असणार, काही हाफच्या, आणि त्यांची सरासरी काढलीत तर ती कुठल्याच लीगला लागू पडणार नाही.

दुसरं म्हणजे कुठल्या जागेवर किती माणसं लागतात ते मोजा. बारा टीम, एक क्यूबी, म्हणजे आठवड्याला १२ क्यूबी मैदानात आणि एनएफएलमध्ये टीम ३२. म्हणजे बरे क्यूबी शिल्लक राहणारच. आरबी लागणार २४, त्यात फ्लेक्समध्ये आणखी काही जाणार, आणि ज्याला खरोखर भरपूर बॉल मिळतो असे आरबी ३२ टीममध्ये तेवढे नसतातच, हल्ली बऱ्याच टीम दोघांत काम वाटून देतात. म्हणून खेळाडू किती गुण करेल हे बघायचं नाही, त्याच जागेवर शेवटचा जो स्टार्टर असेल त्याच्यापेक्षा किती जास्त करेल ते बघायचं. समजा पहिला क्यूबी ३८० करेल आणि बारावा २९०, फरक ९०. पहिला आरबी ३०० करेल आणि चोविसावा १५०, फरक १५०. गुण क्यूबीचे जास्त दिसतात पण किंमत आरबीची जास्त. आकडे मी उदाहरणादाखल घेतलेत, तुमच्या प्रोजेक्शनवरून तुमचे काढा. यालाच व्हॅल्यू बेस्ड ड्राफ्टिंग म्हणतात आणि ही काही नवी गोष्ट नाही, वीसेक वर्षं तरी लोक हे वापरतायत.

टियरबद्दल रात्री लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

जुनाखोंड
बघा, एवढं लिहून शेवटी आरबीच म्हणाले.

चौथा_डाऊन
आकडेमोडे, खूप आभार, हे असं कुणी सांगितलं नव्हतं. आत्ताच बघितलं, आमच्याकडे पासिंग टचडाउनला ४ आहेत. मग क्यूबी शेवटी घ्यायचा एवढं पक्कं समजू का?

शनिवारवाला
थांबा थांबा, एवढं पक्कं नको. पळणारे क्यूबी हा वेगळा प्राणी आहे. पासचे २५ यार्ड झाले की १ गुण, धावून १० यार्डांना १, आणि धावून टचडाउन केला की ६. २०१९ ला लमार जॅक्सन १२०६ यार्ड धावला, म्हणजे १२० गुण नुसते पायाचे, पास अजून मोजलेच नाहीत. आणि त्या वर्षी बऱ्याच लीगमध्ये तो कितीतरी क्यूबींच्या मागून गेला होता, म्हणजे तो मिळायला दुसरा राउंड घालवावा लागला नव्हता. तेव्हा मी असं करतो की पहिल्या चार राउंडमध्ये क्यूबी नाही, पण पळणारा एखादा पाचव्या-सहाव्यात हाताशी आला तर सोडत नाही. नाहीच आला तर मग दहाव्यानंतर, मधल्या राउंडमध्ये उगाच कुणीतरी मध्यम क्यूबी घेऊन बसायचं नाही.

टीईचं पण तसंच. वरचे दोन-तीन नाहीतर एकदम शेवटी. मधले टीई म्हणजे आठवड्याला तीन कॅच आणि देवाची कृपा.

वेव्हरवाली
माझं मत जरा वेगळं आहे, चिडू नका. तुम्ही सगळे ड्राफ्टला बोर्डाची परीक्षा समजताय. २०२३ आठवा. रॅम्स टीमचा रिसीव्हर पूका नकूआ एनएफएलच्याच ड्राफ्टमध्ये पाचव्या राउंडला गेला होता, फँटसीत तर त्याला बहुतेक लीगमध्ये कुणी हातही लावला नव्हता, आणि त्याने १०५ कॅच, १४८६ यार्ड केले, दोन्ही तेव्हा रूकीचे (पहिल्या वर्षाच्या खेळाडूचे) विक्रम. त्याच टीमचा आरबी कायरन विल्यम्स, तोही बऱ्याच ठिकाणी वेव्हरवरच (कुणी न घेतलेल्या खेळाडूंच्या यादीत) पडून होता. आणि ज्यांनी रिसीव्हर जेफरसनला पहिला उचलला त्यांचा तो हॅमस्ट्रिंगमुळे सात मॅच बाहेर. सीझन सप्टेंबर-ऑक्टोबरच्या मंगळवारी रात्री वेव्हरवर जिंकला जातो, ऑगस्टमध्ये नाही.

आकडेमोडे
वेव्हरवाली, मुद्दा मान्य पण अर्धाच. वेव्हरवरून उचलायला बेंचवर टाकाऊ माणूस असावा लागतो ना. तोसुद्धा ड्राफ्टचाच भाग. मी शेवटच्या चार-पाच राउंडमध्ये असेच लोक घेतो ज्यांचं दोन आठवड्यांत काय ते कळेल. एक तर ते उसळतील, नाहीतर निर्धास्तपणे सोडता येतील. सगळ्यात वाईट बेंच म्हणजे दर आठवड्याला आठ-नऊ गुण करणारे दहा वर्षं जुने भरवशाचे रिसीव्हर. त्यांना खेळवावंसं वाटत नाही आणि सोडवतही नाही.

वेव्हरवाली
हे मात्र शंभर टक्के. आणि किकर शेवटच्या राउंडमध्ये, डिफेन्स त्याच्या आधीच्या. जो माणूस नवव्या राउंडमध्ये डिफेन्स घेतो त्याचा फोन नंबर घेऊन ठेवा, ट्रेड करायला उपयोगी पडतो. (दिवा घ्या)

झोपाळू_जीएम
तुमच्या लीगने परवानगी दिली असेल तर किकर घेऊच नका ड्राफ्टमध्ये. एक जास्तीचा आरबी ठेवा, पहिल्या मॅचपर्यंत कुणाला तरी दुखापत होतेच, आपला बॅकअप स्टार्टर झाला तर झाला, नाही झाला तर बुधवारी त्याला सोडून किकर उचला. काही लीगमध्ये सगळ्या जागा भरल्याशिवाय ड्राफ्ट पूर्ण होऊ देत नाहीत, ते बघून घ्या.

आकडेमोडे
आता टियर. यादी म्हणजे १, २, ३, ४ असे नंबर, पण ११ आणि १२ मध्ये कधी काहीच फरक नसतो आणि १२ आणि १३ मध्ये दरी असते, यादी हे सांगत नाही. म्हणून प्रत्येक जागेचे खेळाडू घ्या आणि जिथे तुमच्या मते खरी उतरंड आहे तिथे रेघ मारा. आरबीमध्ये समजा पहिल्या टियरला चार, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला नऊ. ड्राफ्ट चालू असताना फक्त एवढंच बघायचं की कुठल्या जागेच्या टियरमध्ये आता एक-दोनच माणसं उरलीत. रिसीव्हरच्या टियरमध्ये सात शिल्लक आहेत आणि आरबीच्या टियरमध्ये एक, तर आरबी घ्या, भले त्या क्षणी रिसीव्हर दोन गुणांनी बरा दिसत असो. ९० सेकंदांत याहून जास्त विचार होत नाही. अशा वेळी ज्यांच्याकडे फक्त यादी असते ते वरचं नाव खोडतात आणि मोकळे होतात.

आता तुमच्या अकराव्या नंबरकडे येऊ. तुमची पिक येणार ११, १४, ३५, ३८, ५९, ६२, ८३, ८६ अशा जोड्यांनी. लोक अरेरे म्हणतात ते १४ ते ३५ मधल्या वीस पिकमुळे. तेवढ्या वेळात एखादी अख्खी टियर साफ होते. म्हणजे तुम्हाला प्रत्येक जोडीला पुढच्या वीस पिकचा विचार करून घ्यावं लागतं, जो खेळाडू एडीपीप्रमाणे (तो ड्राफ्टमध्ये सरासरी कितवा जातो तो आकडा) २५ ला जातो तो तुम्हाला आवडत असेल तर १४ लाच घ्या, "लवकर घेतला" म्हणून कुणी हसलं तर हसू दे, ३५ पर्यंत तो तुमच्यासाठी थांबणार नाहीये.

आणि एडीपी तुमच्या ॲपचीच बघा. ईएसपीएन, याहू, स्लीपर, प्रत्येकाची स्वतःची रँकिंग असते आणि तुमच्या लीगमधले निम्मे लोक त्या स्क्रीनवर जो वर दिसेल त्यालाच उचलणार आहेत. तुमच्या यादीत एखादा चाळिसावा आहे आणि ॲपवर सत्तरावा, तर त्याला ३८ ला घ्यायची काहीच घाई नाही, ५९ ला मिळेल. खरा फायदा तिथे असतो.

झोपाळू_जीएम
यात एक भर घालतो, जी मला वाटतं सगळ्यात कामाची आहे आणि कुणी बोललंच नाही. तुमच्या ११ आणि १४ च्या मध्ये दोन पिक आहेत, १२ आणि १३. ती दोन्ही एकाच माणसाची. ३६-३७ त्याचीच, ६०-६१ पण त्याचीच. म्हणजे जोडीतल्या पहिल्या पिकला तुम्हाला अकरा जणांचं मन ओळखायचं नाहीये, फक्त शेजाऱ्याचा रोस्टर बघायचाय. त्याने क्यूबी घेतलेला असेल तर ५९ ला तुम्ही क्यूबी घेऊ नका, तो दुसरा क्यूबी घेणार नाही, ६२ ला तोच क्यूबी तुमची वाट बघत असेल. ५९ ला ते घ्या जे त्याला हवंय. एक पिक फुकटात मिळवल्यासारखं आहे हे.

अकरावा नंबर वाईट नाहीये. मधला सहावा-सातवा मला जास्त नको वाटतो, दोन्हीकडे दहा-बारा पिकचं अंतर आणि शेजारी दोन.

चौथा_डाऊन
झोपाळू_जीएम, हे वाचून दोन मिनिटं शांत बसलो. हे एकदम डोक्यात शिरलं.

आता झिरो आरबी म्हणजे काय ते पण सांगून टाका कुणीतरी. आणि मॉक (सरावाचा) ड्राफ्ट करू का?

शनिवारवाला
झिरो आरबी हा शब्द २०१३ मध्ये शॉन सीगेल नावाच्या लेखकामुळे रूढ झाला. कल्पना अशी की आरबी सगळ्यात जास्त मोडतात, आणि एक मोडला की त्याचा बॅकअप रातोरात स्टार्टर होतो. म्हणजे दर वर्षी आरबीच्या बाजारात उलथापालथ होणारच. मग महागडे आरबी घेऊन ती उलथापालथ अंगावर घ्यायची की पहिल्या पाच राउंडमध्ये रिसीव्हर, टीई वगैरे भक्कम करून नंतर सात-आठ स्वस्त आरबी गोळा करून उलथापालथीची वाट बघायची? दुसरा पर्याय म्हणजे झिरो आरबी. मॅकॅफ्री बसला तेव्हा त्याच्या बॅकअप जॉर्डन मेसनने जे केलं ते बघितलंत ना, तसं.

मी स्वतः पूर्ण झिरो करत नाही, एक आरबी पहिल्या दोन राउंडमध्ये घेतो आणि मग सहा-सातव्यापर्यंत थांबतो. याला हीरो आरबी म्हणतात. आणि हे सगळं हाफ पीपीआरमध्ये जरा कमी चालतं, फुलमध्ये जास्त, कारण रिसीव्हरचा कॅचचा पगार निम्मा होतो.

जुनाखोंड
नावं ठेवायची हौस आहे लोकांना. झिरो, हीरो, उद्या खलनायक आरबी काढतील. ११ ला कुठला टियर उरलाय ते बघायचं आणि घ्यायचं, त्याला नाव कशाला हवं? ठरवून गेलात की झिरो आरबी करणार आणि १४ ला पहिल्या टियरचा आरबी घसरत आला तर काय परत पाठवणार का त्याला?

आकडेमोडे
जुनाखोंडांशी मी सहमत आहे, तारीख लिहून ठेवा.

जुनाखोंड
आता बोलतोच आहे तर अवांतर सांगतो. हा सगळा खेळ सुरू झाला ऑकलंडमध्ये. रेडर्सच्या मालकीत थोडा हिस्सा असलेला बिल विंकेनबाक नावाचा गृहस्थ, त्याने दोघा-तिघांबरोबर १९६२ मध्ये नियम लिहिले आणि १९६३ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या घरी आठ टीमचा पहिला ड्राफ्ट झाला. जगातली पहिली फँटसी पिक कोण? जॉर्ज ब्लँडा. जिम ब्राउन दुसरा गेला, आणि त्या सीझनला तो १८६३ यार्ड धावला. लोक हसतात त्या पिकला. पण त्या लीगमध्ये यार्डांना गुण नव्हते, पॉइंट लागले तरच गुण, आणि ब्लँडा क्यूबी पण होता आणि किकर पण. १९६१ मध्ये त्याने ३६ टचडाउन पास टाकले होते. तेव्हा हसू नका, त्या माणसाने नियम वाचले होते.

वेव्हरवाली
किकर पहिल्या पिकला! आणि मी वर काय लिहून बसले.

आकडेमोडे
मॉक ड्राफ्टबद्दल. करा, पण अकराव्या नंबरवरूनच करा आणि तुमच्याच ॲपवर. दहा ठिकाणच्या दहा नंबरवरून करून काही हाती लागत नाही. आणि प्रत्येक वेळी मुद्दाम वेगळी सुरुवात करा, एकदा आरबी-आरबी, एकदा रिसीव्हर-रिसीव्हर, एकदा टीई, आणि मग ३५-३८ ला काय उरतं ते लिहून ठेवा. टीम कशी झाली, ॲपने कुठला ग्रेड दिला, ते बघूही नका, तो ग्रेड त्यांच्याच प्रोजेक्शनवरून काढतात, त्यांची यादी पाळली की ए मिळतो. मॉकमधले अर्धे लोक तिसऱ्या राउंडनंतर निघून जातात आणि पुढे कॉम्प्युटर पिक करतो, तेव्हा नंतरच्या राउंडवर विश्वास ठेवू नका.

बाय वीकचा विचार पहिल्या आठ राउंडमध्ये करायचा नाही. दोघांची एकाच आठवड्यात सुट्टी आली तर आली, एक मॅच हरू. त्यासाठी कमी दर्जाचा खेळाडू घेऊन १७ आठवडे कोण वापरणार.

शनिवारवाला
आणि तारीख बरी आहे तुमची. जेवढा उशिरा ड्राफ्ट तेवढा चांगला. २०१९ ला क्यूबी अँड्र्यू लकने २४ ऑगस्टला अचानक निवृत्ती जाहीर केली, ज्यांचे ड्राफ्ट आधी उरकले होते ते बघत राहिले. २०२१ ला आरबी जे. के. डॉबिन्सचा गुडघा शेवटच्या प्रीसीझन मॅचमध्ये गेला, २८ ऑगस्टला. लेबर डेपर्यंत ५३ जणांचे रोस्टरही ठरलेले असतात. फक्त आठवडाभर आधी केलेले टियर त्या दिवशी सकाळी एकदा परत बघा.

रोमातली_राणी
बरेच दिवस रोमात (नुसतं वाचत) होते, या धाग्यासाठी लॉगिन केलं. आमच्या लीगमध्ये ऑक्शन आहे, प्रत्येकाला २०० डॉलर. त्यात नंबराची भानगडच नाही, कुणीही कुणालाही घेऊ शकतं. तयारी मात्र दुप्पट, कारण भाव लक्षात ठेवावे लागतात. एकच सल्ला, सुरुवातीला तुम्हाला नको असलेले महाग खेळाडू बोलीला काढा, बाकीच्यांचे पैसे संपू देत. चौथा_डाऊनच्या कामाचं नाही हे पण पुढे कुणी वाचेल म्हणून लिहिलं.

जुनाखोंड
ऑक्शन हाच खरा ड्राफ्ट. स्नेक म्हणजे नशीब.

झोपाळू_जीएम
वर म्हणे "बाकी सगळं थोतांड" आणि आता ऑक्शन. घ्या.

चौथा_डाऊन
अपडेट. आकडेमोडे म्हणाले तसे टियर केले, चार जागांचे चार कागद, फोनवर नाही, खोडायला बरं पडतं. अकराव्या नंबरवरून मॉक केले, प्रत्येक वेळी सुरुवात बदलली. एक गोष्ट दिसली की मी पहिल्या जोडीत दोन रिसीव्हर घेतले की ३५-३८ ला आरबी बरे मिळतात, पण दोन आरबी घेतले की ३५ ला रिसीव्हरची जी टियर मला हवी असते ती संपलेली असते. म्हणजे आमच्या ॲपवर तरी लोक रिसीव्हर लवकर उचलतायत. तेव्हा रिसीव्हरकडे कल आहे, पण जुनाखोंडांचं वाक्य लक्षात ठेवून, घसरत आलेला आरबी परत पाठवणार नाही.

किकर न घेता ड्राफ्ट संपवता येतो का ते विचारलं, येतो म्हणाले. आणि रांगेत नावं आधीच लावून ठेवलीत, नेट गेलं तर ऑटोपिकने भलताच माणूस उचलायला नको.

आता बारा नंबरवाला. तो आमचा कमिशनरच निघाला. नऊ वर्षं ही लीग चालवतोय, पक्का ईगल्सवाला, ऑफिसात त्याच्या खुर्चीवर हिरवी जर्सी असते.

आकडेमोडे
नऊ वर्षं म्हणजे ॲपवर त्याचे जुने ड्राफ्ट दिसतील. लीगच्या हिस्ट्रीमध्ये जा, मागच्या तीन वर्षांत त्याने क्यूबी आणि टीई कितव्या राउंडला घेतले ते बघा. माणसं सवयी बदलत नाहीत.

चौथा_डाऊन
बघितलं. क्यूबी तिन्ही वर्षं चौथ्या किंवा पाचव्यात. टीई नेहमी उशिरा. आणि दर वर्षी कमीत कमी तीन ईगल्सवाले.

झोपाळू_जीएम
मग झालं की. तो क्यूबी ३७ ला किंवा ६० ला घेणार. ३७ ला घेतला तर ५९ ला तुम्ही क्यूबीला हात लावू नका, ६२ ला घ्या. ३७ ला नाही घेतला तर ५९ ला तुमचा क्यूबी आधी उचला, नाहीतर तो नेईल. टीईची घाई त्याच्यामुळे तरी नाही. आणि ईगल्सचा जो कुणी हवा असेल तो जोडीतल्या पहिल्या पिकलाच घ्या, दुसऱ्या पिकपर्यंत तो राहत नाही.